फॉस्टर केअर आणि दत्तक: बडोद्यातली मराठी माणसं आम्हाला वारंवार विचारतात ते प्रश्न

आम्ही नवराबायको बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. आमच्या घरी आधी एक मुलगी आली, दीड वर्ष राहिली आणि आपल्या आईकडे परत गेली. त्यानंतर एक मुलगा आला. तो सुरुवातीला फक्त सांभाळायला होता, आता कायद्याने आमचा मुलगा आहे. ओळखीच्यांत हे पसरल्यापासून हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीनंतर, खंडेराव मार्केटात भाजी घेताना कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतं. त्यांत लग्नाला दहा-बारा वर्षं होऊनही मूल नसलेली जोडपी असतात, मुलं परदेशी गेल्यावर घर सुनं झालेली माणसं असतात, आणि गेलेल्या भावाची मुलं सांभाळणारे काकाही असतात. उभ्या उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहिलं. दोन्ही मुलांची नावं, वयं, शाळा यात कुठेही नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

फॉस्टर केअर म्हणजे नेमकं काय? ते दत्तकापेक्षा वेगळं कसं?

फॉस्टर केअरमध्ये मूल आपल्या घरी राहतं, जेवतं, शाळेत जातं, पण कायद्याने ते आपलं होत नाही. त्याची आई दवाखान्यात असेल, बाप तुरुंगात असेल, दोघं सांभाळायच्या स्थितीत नसतील, किंवा मूल वर्षानुवर्षं बालगृहात वाढत असेल. अशा मुलाला बाल कल्याण समिती आदेश काढून एखाद्या कुटुंबात ठेवते. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये ही तरतूद आहे. मराठीत याला प्रतिपालकत्व म्हणतात, पण बडोद्यात तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. सगळे 'फॉस्टर'च म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते आहे. दत्तकात मात्र जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं संपतं आणि मूल नावापासून वारशापर्यंत सगळ्या अर्थांनी आपलं होतं.

या दोन्हींत आणखी एक गोष्ट मिसळली जाते. दत्तकासाठी मूल ठरलं, पण अंतिम आदेश यायचा आहे, अशा मधल्या दिवसांत मूल घरी नेता येतं. त्यालाही 'प्री-ॲडॉप्शन फॉस्टर केअर' म्हणतात. 'आमच्या मेव्हण्याला फॉस्टरमध्ये तान्हं बाळ मिळालं' असं कुणी सांगितलं, तर तो बहुधा याबद्दल बोलत असतो.

आम्हाला मूल नाही आणि दत्तकाची रांग लांब आहे. फॉस्टरमधून लवकर मिळेल का?

नाही. आणि मनात तेवढंच असेल तर हात जोडून सांगते, या वाटेने येऊ नका.

रांग लांब आहे हे खरं. 2024-25 या वर्षात देशभरात 4,515 मुलं दत्तक गेली, त्यांतली 4,155 देशातल्याच कुटुंबांत. बारा वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा होता. पण नोंदणी करून थांबलेली कुटुंबं तीस हजारांच्या वर आहेत, आणि बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असतं. तान्ह्या बाळाची वाट बघण्यात तीन-तीन वर्षं जातात. त्या घरांत काय चालतं हे मला माहीत आहे. दर महिन्याला दत्तकाचं पोर्टल उघडून आपला क्रमांक बघायचा आणि कुणाला न सांगता ते बंद करायचं.

पण फॉस्टरमध्ये येणारी मुलं ती नव्हेत. ही सहा वर्षांच्या पुढची असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांचं कुणीतरी असतं. जे मूल दत्तकासाठी मोकळं आहे ते लांब मुदतीच्या फॉस्टरमध्ये देऊ नये, असं कायदाच सांगतो. म्हणजे तुमच्या घरी येणारं मूल परत जाण्याची शक्यता धरूनच दिलेलं असतं. 'हिची आई बरी होऊ नये', 'ह्याचा बाप सुटू नये' अशी आशा पोटात ठेवून त्याच मुलाला रोज सकाळी डबा करून देता येत नाही. मूल ते ओळखतं.

मग फॉस्टरमधलं मूल कधीच दत्तक घेता येत नाही?

येतं, पण दोन गोष्टी जुळाव्या लागतात. मूल किमान दोन वर्षं त्याच कुटुंबात फॉस्टरमध्ये राहिलेलं हवं, आणि बाल कल्याण समितीने त्याला 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं' जाहीर केलेलं हवं. तसं झालं तर त्या कुटुंबाचा विचार आधी होतो. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती, 2022 च्या दत्तक नियमावलीने ती दोनवर आणली.

आमच्या मुलाला एक आजी होती. ती थकलेली होती, त्याला सांभाळू शकत नव्हती, पण होती, आणि ती असेपर्यंत दत्तकाचा विषय आम्ही कधी काढला नाही. ती गेल्यावर समितीने चौकशी केली, वर्तमानपत्रात सूचना दिली. सूचना छापून आली त्या आठवड्यात दाराची बेल वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. त्याचं कुणी यावं असं वाटायला हवं होतं. मला तसं वाटत नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत होती. कुणी आलं नाही.

पुढचा रस्ता बाकीच्या दत्तकासारखाच. केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे 'कारा', त्यांच्या 'केअरिंग्ज' पोर्टलवर नोंदणी करायची, कागद चढवायचे, गृहभेटीचा अहवाल व्हायचा. आदेश आता जिल्हाधिकारी काढतात. 1 सप्टेंबर 2022 पूर्वी ते काम न्यायालयाचं होतं. अर्जाचा निकाल दोन महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. मुलाचं वय आणि समज बघून त्यालाही विचारतात. आमच्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी तिथेच तर राहतो."

दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेट होते. तिचा धसका घेण्यासारखं काही नाही.

फॉस्टरसाठी कोण अर्ज करू शकतं? एकट्या बाईला मूल मिळतं का?

मिळतं. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत फक्त जोडप्यांना परवानगी होती. 2024 च्या सुधारित सूचनांनुसार 35 ते 60 वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा कायद्याने वेगळी राहणारी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही सांभाळू शकते, एकट्या पुरुषाला मुलगाच मिळतो. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षं स्थिर असावा लागतो.

दत्तकात दोघांच्या वयाची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती 85 च्या आत हवी, एकट्या व्यक्तीचं वय 40 च्या आत. आठ ते अठरा वयाच्या मुलासाठी बेरीज 110 पर्यंत चालते, एकट्याला 55. मूल आणि पालक यांच्यात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. ज्यांना दोन किंवा जास्त मुलं आहेत त्यांना विशेष गरजा असलेली किंवा घर मिळायला अवघड जाणारी मुलंच दत्तक घेता येतात. पंचेचाळिशी ओलांडलेली माणसं 'आता आमचं वय गेलं' म्हणून गप्प बसतात. त्यांचं वय मोठ्या मुलासाठी अगदी योग्य असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

बडोद्यात सुरुवात कुठून करायची? कागद कोणते लागतात?

जिल्हा बाल संरक्षण कक्षापासून. गुजराती पाटीवर 'जिल्ला बाळ सुरक्षा एकम' असं शोधा. गुजरातेत हे काम समाज सुरक्षा खात्याकडे आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी सांगितलेल्या 'महिला व बालविकास'च्या पत्त्यावर इथे हेलपाटे घालू नका. अर्ज ऑनलाइनही होतो, पण एकदा समोर बसून बोलून या.

ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, आवकीचा म्हणजे उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी, तुम्हाला नीट ओळखणाऱ्यांची शिफारसपत्रं. सोगंदनामं म्हणजे प्रतिज्ञापत्रं गुजरातीत करतात, तेव्हा मराठी आडनावांचं स्पेलिंग आधारशी पडताळून मगच सही करा. 'शिर्के'चं 'शीरके' झालं म्हणून महिनाभर अडकलेली फाइल मी बघितली आहे.

कागद जमले की सामाजिक कार्यकर्ता घरी येतो, जिल्ह्याची मंजुरी समिती कुटुंब तपासते आणि शेवटचा आदेश बाल कल्याण समिती देते. या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल आणि कुटुंब आधी एकमेकांना भेटतात. तिथे घाई करू नका, आणि तुम्हाला कुणी घाई केली तर "आणखी एकदा भेटतो" म्हणा.

घरी चौकशीला येतात तेव्हा काय बघतात? आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा आहे.

आमचाही लहानच आहे. घरातल्या प्रत्येकाला हे मान्य आहे का, हे बघतात. सासूबाईंना वेगळं विचारलं होतं. आजारपणं, कर्ज, दारू, भांडणं विचारतात, आणि खरं सांगावं. आम्ही नवऱ्याच्या मधुमेहाचं लपवायचं का यावर रात्रभर बोललो होतो. सांगून टाकलं, काही बिघडलं नाही. येणाऱ्यांत कधी आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य शिकलेली मुलं असतात. वयाने लहान म्हणून त्यांना उडवून लावू नका.

सरकार पैसे देतं का?

मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टरमधल्या मुलामागे महिना 4,000 रुपये आहेत. ते त्याच्या शाळेसाठी, खाण्यासाठी, औषधासाठी. रक्कम दर महिन्याला ठरल्या तारखेला येईलच असं धरून चालू नका. स्वतःच्या मिळकतीवर घर चालत असेल तरच मूल आणा.

मोठं मूल रुळतं का? लहानपणापासून असलं तरच माया लागते म्हणतात.

बडोद्यात राहून हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटतं. कवळाण्याचा गोपाळ बारा वर्षांचा असताना 27 मे 1875 रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, अक्षरओळख नाही, आणि एका दिवसात राजवाड्यात आला. तोच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड झाला, आणि त्यानेच 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आपल्या शहराचा अर्धा नकाशा त्याच्या नावाचा आहे, आणि तो घरात आला तेव्हा चांगला मोठा, गावाकडच्या आठवणी घेऊन आलेला मुलगा होता. अर्थात तो गादीसाठी आणलेला होता. गादीला वारस हवा म्हणून मूल आणणं आणि मुलाला घर हवं म्हणून आणणं यांत अंतर आहे. पण 'बारा वर्षांचं मूल परकंच राहतं' असं निदान इथल्या माणसाने म्हणू नये.

आता घरातलं सांगते. मोठं मूल रुळतं, पण आपल्याला वाटतं तसं नाही. आमच्याकडे आलेली मुलगी पहिले काही आठवडे रोज संध्याकाळी विचारायची, "आजे नाइटमां कोण छे?" मला कळेना. मग लक्षात आलं. बालगृहात रात्रीच्या ताई पाळीने बदलतात, म्हणून रात्रपाळीला कोण आहे हे ती विचारत होती. मी म्हणायची, "मीच आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. एका रात्री तिने विचारलं नाही. मी ओट्याशी उभी राहून वाट बघत राहिले.

मुलगा वेगळा होता. पाणी प्यायलाही परवानगी मागायचा. ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा, रांग असल्यासारखा. पहिले दोन महिने इतका शहाण्यासारखा वागला की नातेवाईक म्हणाले, "किती गुणी आहे!" मला मात्र काळजी वाटायची. तिसऱ्या महिन्यात त्याने कप फोडला, शाळेची वही फाडली, मला "तुम्ही माझ्या कोण?" म्हणून ओरडला. आमच्याशी बोलणाऱ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, आता त्याला इथे सुरक्षित वाटायला लागलंय, म्हणून राग बाहेर येतोय. हा टप्पा पुष्कळ घरांत येतो, आणि पुष्कळ घरं नेमकी इथेच 'आम्हाला जमणार नाही' म्हणून मूल परत देतात. मुलाच्या मनात तेव्हा एकच हिशेब होतो, की मी वाईट वागलो म्हणून मला काढलं. दुसऱ्यांदा काढलेलं मूल तिसऱ्या घरात पाय टेकवत नाही. म्हणून हो म्हणण्याआधी हा तिसरा महिना डोळ्यांसमोर आणा, पहिला नको.

मूल आपल्याला काय हाक मारतं?

त्याला सुचेल ती. मुलगी शेवटपर्यंत मला काकू म्हणाली, कारण तिची मम्मी होती. मुलगा आधी "ऐका ना" म्हणायचा, मग काकू, आणि एकदा तापात आई म्हणाला. ताप उतरल्यावर परत काकू. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. 'आई म्हण' असं मुलाला सांगू नका, पाहुण्यांनाही सांगू देऊ नका.

त्याचे आईवडील भेटायला येतात का?

समितीने परवानगी दिली असेल तर ठरावीक अंतराने भेटू शकतात, आणि परिस्थिती सुधारली तर मूल त्यांच्याकडे परत जातं. कायद्याचा रोखच तो आहे. मुलीची आई भेटायला यायची तेव्हा सुरुवातीला मला राग यायचा. वाटायचं, आता कशाला आली. एकदा तिने येताना पदरात बांधून दोन पेरू आणले. मुलीने एक मला दिला. त्या दिवसापासून मी तिच्यासाठीही चहा टाकायला लागले. मुलापुढे त्याच्या आईबापाबद्दल वाकडं बोलायचं नाही, मग ते कसेही असोत. मूल स्वतःला अर्धं त्यांच्यातलं समजतं.

आणि परत गेलं तर? ते सहन कसं होतं?

होत नाही लवकर. ती गेली त्यानंतर कितीतरी दिवस मी भात तिघांचा लावत होते. नवरा संध्याकाळी सुरसागर तलावाला एकटाच फेऱ्या मारायचा. लोक म्हणाले, "एवढं करून काय मिळालं?" काही मिळवायला आम्ही गेलोच नव्हतो, पण तेव्हा हे उत्तर तोंडातून फुटत नसे.

दोन गोष्टींनी सावरायला मदत झाली. एक म्हणजे जाणं अचानक झालं नाही. आधी दिवसभर, मग शनिवार-रविवार, मग कायमचं, असं समितीला सांगून टप्प्याटप्प्याने केलं. दुसरी म्हणजे तिच्या आईला त्याच मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्वाची मदत मिळाली. गरीब आईबापाला, विशेषतः विधवा किंवा सोडून दिलेल्या बाईला, मूल स्वतःजवळ ठेवता यावं म्हणून ती असते, तीही महिना 4,000. उत्पन्नाची मर्यादा शहरात वर्षाला 96,000 आणि खेड्यात 72,000 आहे. ही मदत आधी मिळाली असती तर मुलगी आमच्याकडे यायचीच गरज पडली नसती. हे लिहिताना मला त्रास होतो, तरी लिहिते. तुमच्या धुणंभांडीवाल्या मावशी 'पोरीला होस्टेलात टाकते' म्हणाल्या तर त्यांना आधी या योजनेचं सांगा.

जात काय, गोत्र काय? मुंज, दत्तविधान करावं लागतं का?

दत्तक पालक कुठल्याही धर्माचे असोत, बाल न्याय कायदा फरक करत नाही. जातीचं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. गोत्र दत्तक घेणाऱ्याचंच लागतं हे आपल्या आजी-पणजीच्या काळापासून माहीत आहे, तेव्हा त्याचा घोर नको. दत्तहोमाशिवाय दत्तक पूर्ण होत नाही ही समजूत तर जुन्या 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानेही मोडीत काढली आहे. हौस असेल तर करा. पण फॉस्टरमधल्या मुलाचे असे संस्कार आपल्या मनाने करू नका. त्याचा धर्म, त्याचं नाव त्याचं आहे.

माझा भाऊ आणि वहिनी दोघं गेले. त्यांची मुलं आमच्याकडेच आहेत. आम्ही काय करावं?

आधी गुजरात सरकारच्या 'पालक माता-पिता योजने'त अर्ज करा. आईवडील दोघं वारलेली, किंवा वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं अशी मुलं सांभाळणाऱ्या नातेवाइकांना मुलामागे महिना 3,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मूल शाळेत जायला हवं. कितीतरी मराठी घरांना हे माहीतच नाही, कारण जाहिरात गुजरातीत लागते आणि आपण वाचत नाही.

दत्तकच घ्यायचं असेल तर काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांच्यासाठी पोर्टलवर नातेवाइकांचं वेगळं दत्तक आहे. 1956 च्या कायद्यानेही करता येतं, पण त्यात मुलाचं वय साधारण 15 च्या आत हवं, आणि घरात मुलगा असताना दुसरा मुलगा घेता येत नाही. घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलेल्याच्या भरवशावर राहू नका. शाळेत, पासपोर्टला, पुढे इस्टेटीच्या वेळी ते कामाला येत नाही.

इस्टेटीत वाटा?

दत्तक मुलाचा पोटच्या मुलाइतकाच. फॉस्टरमधल्या मुलाचा आपोआप काही नाही, द्यायचं असेल तर मृत्युपत्रात लिहा.

शाळा, दवाखाना, परगावी नेणं, सही कुणाची चालते?

समितीच्या आदेशाच्या सात-आठ प्रती काढून ठेवा. शाळेच्या अर्जात 'वाली'च्या रकान्यात आपलं नाव लागतं, आईवडिलांच्या रकान्यात नाही. तिथे लिपिक अडला तर वाद न घालता आदेश दाखवा. ऑपरेशनच्या संमतीबद्दल काय करायचं हे मूल घरी आणायच्या आधीच समितीला विचारून लेखी घ्या. पुण्याला लग्नाला जातानाही आम्ही समितीला आधी पत्र दिलं होतं. महिन्याला तपासणीची भेट असते. मुलाशी एकट्याने बोलतात, तेव्हा आपण उठून आत जावं.

मुलाचा फोटो स्टेटसला ठेवला तर चालतो का?

नको. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, 'अनाथ मुलाला घर दिलं' असं लिहून टाकलेला फोटो तो पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या वर्गातली मुलं बघतील. त्याची गोष्ट त्याची आहे. सांगायची की नाही ते त्याने ठरवावं, म्हणून या पानावर त्याचं नाव नाही.

ओळखीच्या दवाखान्यात एक बाई बाळ द्यायला तयार आहे. परस्पर घेतलं तर?

घेऊ नका. कायद्याची पद्धत टाळून मूल देणं-घेणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि पैसे देऊन मूल विकत घेतलं-विकलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. 'आईवडील कोरोनात गेले, दोन लहान मुली, दत्तक हव्या असल्यास फोन करा' असे मेसेज 2021 मध्ये फिरत होते, अजूनही फिरतात. पुढे पाठवू नका, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा.

त्या बाईला खरंच बाळ सांभाळणं शक्य नसेल तर तिने समितीपुढे यावं. समर्पणानंतर, म्हणजे बाळ समितीच्या हवाली केल्यावर, तिला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. परस्पर व्यवहारात तिचे हे साठ दिवस आपण हिरावून घेतो. दिवस भरत आलेल्या, घाबरलेल्या बाईचा निर्णय हा निर्णय नसतो.

आमचा स्वतःचा मुलगा आहे. त्याच्यावर परिणाम होईल का?

होईल. त्याला आधी विचारा, आणि तो नाही म्हणाला तर थांबा. शक्यतो स्वतःच्या मुलापेक्षा लहान मूल आणावं असं मला वाटतं, थोरलेपण काढून घेतलेलं मुलं विसरत नाहीत. दोन भावंडं एकत्र येत असतील तर त्यांना तोडू नका. कायदाही शक्य तिथे भावंडं एकत्र ठेवायला सांगतो.

मोठं झाल्यावर त्याने जन्मदात्यांचा शोध घ्यायचा म्हटलं तर?

दत्तक मुलाला तो हक्क आहे, अठरानंतर स्वतंत्रपणे आणि त्याआधी पालकांसह. दत्तक आहे हे मात्र त्याला तुमच्याकडूनच कळलं पाहिजे, एखाद्या लग्नाच्या पंगतीत आत्याबाईंकडून नव्हे.

अठरा वर्षांनंतर काय होतं?

फॉस्टर संपतं. पुढे 'आफ्टर केअर'ची मदत साधारण 21 पर्यंत मिळू शकते, ती मागावी लागते. कागदावर संपलं म्हणून अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कुणी मुलाला बाहेर काढत असेल, तर त्याने ते सुरूच करायला नको होतं.

मूल घरी येतं त्या दिवशी काय करावं?

ओवाळायला बायका बोलावू नका. पाहुणे पंधरा दिवस नकोतच. बालगृहातून आलेल्या पिशवीतलं काही फेकू नका, फाटका टॉवेलसुद्धा. धुवायला टाकायचा असेल तर विचारून टाका. जेवायला खिचडी-कढी करा, इथल्या मुलांना ती ओळखीची असते. पुरणपोळी नंतर कधीही करता येईल. घर दाखवताना मोरीच्या दिव्याचं बटण कुठे आहे, रात्री पाणी कुठे असतं, आणि तुम्ही कुठल्या खोलीत झोपता ते दाखवा. झोपताना दार उघडं ठेवायचं की लोटायचं, ते त्याला विचारा.